सामन्याआधी पिचरने किती चेंडू टाकावेत?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या सॉफ्टबॉल संघात पिचर आहे. सामन्याआधी बाकीच्या मुली मैदानाला दोन फेऱ्या मारतात, थोडी फेकाफेकी करतात आणि मोकळ्या होतात. ही मात्र कॅचरच्या अगदी समोर उभी राहून आधी नुसतं मनगट झटकत चेंडू टाकते, मग हळूहळू मागे सरकते. सगळं मिळून तासभर तरी चालतं. कधी कधी सामना सुरू व्हायच्या आतच ती दमलेली दिसते. एवढं खरंच लागतं का? शिवाय, हात खालून येतो म्हणून सॉफ्टबॉलमध्ये खांद्याला काही होत नाही, असं सगळे सांगतात. ते खरं आहे का?
— एक पालक, अमरावती

उत्तर : ताई, मनगटापासून सुरुवात करून मागे सरकत जाण्याची तुमच्या मुलीची पद्धत अगदी बरोबर आहे. सामना सुरू व्हायच्या आत ती दमते, हे मात्र बरोबर नाही. त्या वेळात तिचं अंग तापलं पाहिजे आणि चेंडूवर हात बसला पाहिजे. दम मात्र सामन्यासाठी शिल्लक राहिला पाहिजे. शाळांच्या संघांत याकडे फारसं लक्ष जात नाही, कारण पिचरने सरावात टाकलेले चेंडू कुणी मोजतच नाही.

ते मोजले का जात नाहीत, याचं उत्तर तुमच्या शेवटच्या शंकेत आहे. हात खालून येतो, ती हाताची नैसर्गिक हालचाल आहे, म्हणून खांदा सुरक्षित, हा समज फार जुना आहे आणि तो फक्त आपल्याकडचाही नाही. १८८७ मध्ये हा खेळ शिकागोत जन्मला. त्या अमेरिकेतही लिटल लीग बेसबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी २००७ पासून चेंडूंची मर्यादा घातली गेली, पण सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींकडे तेवढ्या काळजीने पाहिलं गेलं नाही. १९९० च्या दशकापासून अभ्यासकांनी वेगवान कॅमेरे लावून विंडमिल पिचिंगची, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून चेंडू टाकण्याची, मोजमापं घेतली, तेव्हा चित्र वेगळं निघालं. हात वरून गोल फिरून खाली येताना दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढलं जातं. ही ओढ पिचरच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाऊ शकते. बेसबॉलमध्ये वरून फेकणाऱ्याच्या खांद्यावर जो ताण येतो, त्याच्याच तोडीचा हा ताण आहे.

चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलीच्या खांद्याला कुणीतरी जवळजवळ तेवढ्याच वजनाने हिसका देत आहे, असं समजा. पुढचा पाय जमिनीवर टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतं. एवढ्या वेळात हात खोबणीत धरून ठेवायचं काम खांद्याभोवतीचे छोटे स्नायू आणि दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, करतात. चेंडू सुटायच्या जरा आधी बायसेप्सवर सर्वांत जास्त जोर येतो. म्हणूनच पिचर मुली दुखण्याची जागा दाखवताना बहुतेक वेळा खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवतात.

त्यात चेंडूही हलका नाही. बारा इंच घेराचा सॉफ्टबॉल साधारण १७८ ते १९८ ग्रॅम भरतो. पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो आणि त्याचा घेर नऊ इंचांच्या आसपास. तेरा वर्षांच्या मुलीचा पंजा लहान, तिला हा मोठा चेंडू बोटांनी आवळून धरावा लागतो. मग खांद्याआधी कोपराखालचा हात भरून येतो. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाला सहा चेंडूंनंतर एक षटक विसावा मिळतो आणि टी-ट्वेंटीत त्याच्या वाट्याला चोवीसच चेंडू येतात. सॉफ्टबॉलची पिचर सातही इनिंग एकटी टाकत असेल तर ऐंशी-शंभर चेंडू सहज होतात. ‘क्रिकेटवाले कुठे एवढं वॉर्मअप करतात’ असं मैदानाच्या कडेला कुणी म्हणालं, तर त्यांना हा हिशेब जरूर सांगा.

आता वॉर्मअप. चेंडू हातात घेण्याआधी पाय तापले पाहिजेत, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त घाई होते. विंडमिल पिचिंगचा जोर खांद्यातून येतो असं बघणाऱ्याला वाटतं, पण तो सुरू होतो पिचिंग प्लेटला रेटणाऱ्या मागच्या पायातून. पिचर लांब ढांग टाकते, पुढच्या पायावर शरीराच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो, तिथे तिचं शरीर थांबतं आणि तो सगळा वेग कमरेतून, पाठीतून हाताकडे जातो. मांड्या आणि कमरेखालचे मोठे स्नायू थंड असतील तर कमी पडलेला जोर मुलगी हातातून काढते. म्हणून पाच मिनिटं हलकं धावणं, अंगाला जरा घाम फुटेपर्यंत. मग चालता चालता गुडघे छातीकडे उचलणं, मोठ्या ढांगा टाकत बसणं-उठणं, बाजूच्या उड्या, कंबर वळवणं, दोन्ही हात आधी लहान आणि मग मोठ्या वर्तुळात फिरवणं. रबरी पट्टा असेल तर खांद्यासाठी ओढण्याचे हलके व्यायाम. यात दहा-बारा मिनिटं जातील. जाऊ द्यावीत.

त्यानंतर थोडा वेळ साधी वरून फेकाफेकी. पिचरने ती कशाला करायची, असा प्रश्न येतो. कारण सामन्यात बंट अडवला की पहिल्या बेसला चेंडू वरूनच फेकायचा असतो आणि तो थंड हाताने फेकणं धोक्याचं.

मग येतं ते मनगट. तुमच्या मुलीकडे जवळून पाहा. कॅचरपासून आठ-दहा पावलांवर उभी असताना तिचा हात मांडीच्या बाजूला स्थिर असतो आणि चेंडू फक्त मनगटाच्या झटक्याने, बोटांच्या टोकांवरून सुटतो. त्या वेळी चेंडूवरच्या लाल शिवणीकडे नजर ठेवा. फिरकी सरळ असेल तर शिवणीची रेघ एका जागी स्थिर दिसते. चेंडू अंगठ्याच्या बाजूने निसटत असेल तर तीच रेघ डगमगते, भिरभिरते. काही प्रशिक्षक सरावाच्या चेंडूवर काळ्या टेपची पट्टी चिकटवतात, म्हणजे लांबूनही फिरकी कळते. वॉर्मअपच्या या टप्प्यात वेगाचा विचारच करायचा नसतो. आज बोटं चेंडूवर नीट बसतात का, एवढंच बघायचं. असे आठ-दहा चेंडू पुरतात.

मग दोन पावलं मागे जायचं आणि हात अर्ध्या वर्तुळातून आणायचा. मागच्या बाजूला खांद्याच्या उंचीवर हात, तिथून खाली, कमरेला कोपराखालचा भाग किंचित घासत पुढे. हे घासणं चूक नाही, अनेक चांगल्या पिचरांचा हात असाच जातो. नव्या मुलींना मात्र तिथे लाल चट्टे उठतात आणि घाबरून त्या हात अंगापासून लांब नेतात. तसं झालं की चेंडू बाहेर जायला लागतो. पुन्हा आठ-दहा चेंडू. मग पूर्ण वर्तुळ, पण अजून कमी अंतरावरून आणि कमी जोराने. त्यानंतरच पूर्ण अंतर. आंतरराष्ट्रीय महिला सामन्यात ते ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असतं. शालेय वयोगटात तुमच्या स्पर्धेचं जे अंतर ठरलेलं असेल त्यावरच सराव करावा. अंदाजाने उभं राहिलं तर सामन्यात पहिल्याच बॅटरला तीन बॉल जातात. आधी अंतर मोजून रेघ मारायला एक मिनिटही लागत नाही.

पूर्ण अंतरावरून पूर्ण जोराचे वीस-पंचवीस चेंडू खूप झाले. आधी मधोमध सरळ, मग आत, मग बाहेर, मग तिला येत असेल तो चेंजअप किंवा ड्रॉप. शेवटचे पाच-सहा चेंडू टाकताना एखाद्या मुलीला हेल्मेट घालून, बॅट न फिरवता, बॅटरच्या जागी उभं करावं. समोर माणूस असला की चेंडू पडण्याची जागा बदलते, हे प्रत्येक पिचरला माहीत असतं. एवढं झालं की थांबायचं.

थांबायचं, हेच कुणाला जमत नाही. ड्रॉप आज नीट पडत नाही, म्हणून अजून दहा. सर बघत होते तेव्हा वाईड गेला, म्हणून अजून पंधरा. तुमची मुलगी दमते ती बहुधा इथे. सामन्याच्या सकाळी नवा चेंडू शिकता येत नाही. जो चेंडू आज हातात बसत नाही तो कॅचरला सांगावा आणि त्या सामन्यापुरता बाजूला ठेवावा.

किती चेंडू म्हणजे जास्त, यासाठी अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांनी पालकांसाठी काढलेलं मार्गदर्शन उपयोगी आहे. ८ ते १० वर्षांच्या मुलीने एका सामन्यात ५०, १० ते १२ वर्षांच्या मुलीने ६५, १३-१४ वर्षांच्या मुलीने ८० आणि त्यापुढच्या मुलीने १०० चेंडूंपर्यंत टाकावेत, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या मुलीच्या वयाला पहिल्या दोन दिवसांत दिवसाला ११५ आणि सलग तिसऱ्या दिवशी ८०. आता विचार करा, सामन्याआधीच तिने पूर्ण जोराचे साठ चेंडू टाकले आणि दिवसात दोन सामने असले, तर दुसऱ्या सामन्यात ती कोणत्या बळावर टाकणार? कागदावर साठ दिसत नाहीत, पण खांद्याने ते टाकलेले असतात.

आपल्या शालेय स्पर्धांमध्ये ही अडचण अधिकच मोठी होते. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवसांत सगळं उरकायचं, एका दिवसात दोन-तीन सामने आणि संघात भरवशाची पिचर एकच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने टाकले. एकाच दिवशी आधी अमेरिकेविरुद्ध आणि मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध, दोन्ही सामने जादा इनिंगपर्यंत गेले, त्यात ३१८ चेंडू. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत आणखी ९५. एकूण ४१३ चेंडू टाकून तिने जपानला सुवर्णपदक मिळवून दिलं. ही गोष्ट मुलींना सांगावीच, त्यांना ती ऐकायला आवडते. पण सांगताना हेही सांगावं की उएनो तेव्हा सव्वीस वर्षांची होती, हाडांची वाढ पूर्ण झालेली होती आणि त्यामागे कित्येक वर्षांची तयारी होती. आठवीतल्या मुलीच्या खांद्याच्या हाडात वाढीची पट्टी अजून उघडी असते. तिला उएनोसारखं टाकायला लावणं हा शुद्ध अन्याय आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्याआधी पहिल्यासारखं सगळं पुन्हा करायचं नसतं. अंग आधीच तापलेलं आहे. थोडं धावणं, हातपाय मोकळे करणं, पाच-सहा मनगटाचे झटके आणि पूर्ण अंतरावरून आठ-दहा चेंडू. बस.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. मुली नऊच्या सामन्यासाठी साडेआठला तयार होतात आणि मग उद्घाटन सुरू होतं. प्रमुख पाहुणे वाटेत असतात, संचलन, स्वागत, दोन-तीन भाषणं. मुली रांगेत उभ्या. पाऊण तास जातो आणि तापलेलं अंग पुन्हा गार पडतं, विदर्भातल्या डिसेंबरच्या सकाळी तर फारच लवकर. मग सूत्रसंचालक सामना सुरू झाल्याचं जाहीर करतो आणि पिचर थेट प्लेटवर जाते. नियमाप्रमाणे तिला एका मिनिटात मोजकेच सरावाचे चेंडू मिळतात. तेवढ्याने गार पडलेला खांदा तापत नाही. म्हणून उद्घाटन असेल त्या दिवशी सुरुवातीला फक्त धावणं आणि अंग मोकळं करणं उरकावं, चेंडूचं काम भाषणांनंतर. रांगेत उभं असताना अंगात जॅकेट किंवा ट्रॅकसूट राहू द्यावा. आयोजकांनीही पहिल्या सामन्याच्या दोन्ही पिचरांना भाषणांच्या वेळी रांगेतून सुट्टी दिली तर पाहुण्यांचा काही अपमान होत नाही.

एप्रिल-मे मधल्या शिबिरात उलटी परिस्थिती असते. खानदेशात किंवा नागपूरकडे चाळिशीपार ऊन असताना अंग तापवायला पाच मिनिटंही पुरतात. तिथे वॉर्मअप सावलीत आणि आखूड करावा, मध्ये पाणी द्यावं आणि वाचलेला दम सामन्यासाठी ठेवावा.

शेवटी, दुखण्याबद्दल. वॉर्मअपमध्ये हात जड वाटणं, जरा आखडल्यासारखं होणं आणि आठ-दहा चेंडूंनी ते जाणं यात काळजीचं काही नाही. पण खांद्याच्या पुढे किंवा कोपरात टोचल्यासारखं दुखत असेल, चेंडूगणिक वाढत असेल, रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर त्या दिवशी पिचिंग बंद. मुली हे सांगत नाहीत, कारण संघात दुसरी पिचर नसते आणि सगळ्यांचं लक्ष आपल्यावर आहे हे त्यांना कळतं. तुम्ही आई आहात, तुम्ही विचारा. ‘दुखतंय का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘कुठे दुखतंय?’ असं विचारून पाहा.

प्रश्न : आम्हाला पीटीच्या तासाला आधी ताणाचे व्यायाम शिकवले होते, दहा-पंधरा आकडे मोजत एका जागी ताणून धरायचं. आता मुलांचे प्रशिक्षक ते करूच देत नाहीत. मग ते चुकीचं होतं का?
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, चुकीचं नव्हतं, फक्त त्याची जागा बदलली आहे. स्नायू एका जागी बराच वेळ, मिनिटभर किंवा त्याहून जास्त, ताणून धरला की त्यानंतर काही काळ त्याचा जोर आणि झटका कमी होतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पिचरला लगेचच झटका हवा असतो, म्हणून सामन्याआधी हलत्या अंगाने केलेले व्यायाम बरे. तुम्ही शिकलेलं सामन्यानंतर करावं. सामना संपला की मुली चप्पल घालून डब्याकडे पळतात. त्याआधी दहा मिनिटं खांदा, पाठ आणि मांड्या शांतपणे ताणून घेतल्या तर दुसऱ्या दिवशी अंग कमी आखडल्यासारखं वाटतं. दहा-पंधरा आकड्यांचं तुमचं मोजणंही त्यासाठी योग्यच आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी नऊ वर्षांची, इथल्या लीगमध्ये पिचिंग शिकते. सामन्याआधी तिचे चेंडू मीच उलट्या बादलीवर बसून झेलतो. इथे बरेच बाबा तसंच करतात. मी क्रिकेट खेळलेला आहे, मला मास्कची गरज आहे का?
— एक वडील

उत्तर : आहे. तिच्या वयोगटात चेंडू अकरा इंची आणि अंतर ३५ फूट असतं. तुम्ही बसलेले आहात, मागे सरकायला जागा नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा चेंडू कधी जमिनीवर टप्पा घेऊन उडेल ते तिलाही ठाऊक नसतं. क्रिकेटमध्ये तुमचे हात चेंडूच्या वाटेत तयार असायचे. इथे उजव्या हाताने झेलायची सवय मोडून ग्लोव्ह पुढे करायला शिकावं लागेल. तोंडावर मास्क, ग्लोव्ह पक्का आणि उघडा हात पाठीमागे. पुढच्या, बारा वर्षांपर्यंतच्या गटात गेली की चेंडू बारा इंची होईल आणि अंतर ४० फुटांवर जाईल, तेव्हाही मास्क तसाच ठेवा. आणि तिला वॉर्मअपमध्ये किती चेंडू टाकायला लावले, ते त्याच बादलीवर बसून मोजत जा.